सिनेटर निवडायचा कुणी, आमदारांनी की लोकांनी?

(या भागाचं शब्दांकन. ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)



आजची गोष्ट अमेरिकेतली आहे, पण ती ऐकताना तुम्हाला फार परकं वाटणार नाही. कारण या गोष्टीत आमदार आहेत, नोटांनी भरलेली पाकिटं आहेत आणि संपता न संपणाऱ्या मतदानाच्या फेऱ्या आहेत.

सुरुवात एका श्रोत्याच्या प्रश्नापासून करते. त्यांनी विचारलं होतं, "सिनेट म्हणजे अमेरिकेची राज्यसभा, असं सगळे म्हणतात. पण तिथे तर सिनेटरला थेट लोक मत देतात. मग ती राज्यसभा कशी?" प्रश्न अगदी रास्त आहे. "सिनेट म्हणजे अमेरिकेची राज्यसभा" हे वाक्य १९१३ पर्यंत बरंचसं बरोबर होतं. तोपर्यंत सिनेटरला त्या त्या राज्याचं विधिमंडळ निवडायचं, सामान्य मतदार नव्हे. १९१३ साली सतरावी घटनादुरुस्ती झाली आणि हा अधिकार लोकांकडे आला.

पण खरी गंमत पुढे आहे. अमेरिकेत घटनादुरुस्तीचा नेहमीचा मार्ग असा, की संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं मिळवायची आणि मग तीन चतुर्थांश राज्यांची मंजुरी घ्यायची. म्हणजे या बदलासाठी कुणाची मतं लागणार होती? एक म्हणजे सिनेटरांची, जे जुन्याच पद्धतीने निवडून आले होते. आणि दुसरी राज्यांच्या विधिमंडळांची, ज्यांच्या हातातून हा अधिकार जाणार होता. आपल्या खुर्चीचा पाय आपणच कापायचा, असा हा मामला. मग त्यांनी तो का कापला? आजच्या भागात एवढाच प्रश्न धरून चालायचं आहे.

आधी शब्दांचं बघू

आपल्याकडे सिनेट म्हटलं की विद्यापीठाची सिनेट आठवते. ती बाजूला ठेवा. अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात आणि तिची दोन सभागृहं आहेत. खालचं प्रतिनिधीगृह, वरचं सिनेट. प्रतिनिधीगृहात लोकसंख्येप्रमाणे जागा. सिनेटमध्ये मात्र प्रत्येक राज्याचे दोनच सिनेटर, राज्य केवढंही असो. कॅलिफोर्नियात सुमारे चार कोटी लोक राहतात, वायोमिंगमध्ये सहा लाखही नाहीत, तरी दोघांचे दोन दोन. मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश जागांची निवडणूक. हे शेवटचं तुम्हाला राज्यसभेसारखं वाटलं असेल, आणि ते तसंच आहे.

राज्यांच्या विधिमंडळातल्या सदस्यांना मी सरळ आमदारच म्हणणार आहे, म्हणजे बोलायला सोपं. आणि तिथला गव्हर्नर हा आपल्या राज्यपालांसारखा नेमलेला नसतो. तो लोकांनी निवडून दिलेला असतो, म्हणजे कामाने आपल्या मुख्यमंत्र्यांच्या जवळचा.

१७८७, फिलाडेल्फिया

राज्यघटना लिहायला मंडळी फिलाडेल्फियात जमली तेव्हा वरचं सभागृह कुणी निवडायचं यावर बरीच चर्चा झाली. पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन म्हणाले, लोकांनीच निवडू द्या. त्यांच्या बाजूने जवळजवळ कुणीच उभं राहिलं नाही. डेलावेअरचे जॉन डिकिन्सन यांनी विधिमंडळांकडे हे काम द्यायचा प्रस्ताव ठेवला आणि तो मान्य झाला.

यामागे दोन विचार होते. पहिला, नवं केंद्र सरकार बलाढ्य झालं तर राज्यांचं काय? राज्य सरकारांचा स्वतःचा माणूस केंद्रात बसलेला हवा. दुसरा, लोक एखाद्या लाटेत वाहून जातात, त्यांच्या मताला एक गाळणी हवी. लोकांनी आमदार निवडायचे, आमदारांनी शहाणी माणसं निवडायची.

हे निव्वळ ढोंग होतं असं मी म्हणणार नाही. सुरुवातीच्या काळात राज्यांनी आपल्या सिनेटरांवर खरोखर वचक ठेवला होता. १८०७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी व्यापारबंदीच्या कायद्याला पाठिंबा दिला. त्यांच्या राज्याचं पोट जहाजांवर आणि व्यापारावर होतं. विधिमंडळाने मुदत संपायच्या कितीतरी आधीच त्यांच्या जागी पुढचा माणूस निवडून टाकला. अ‍ॅडम्स यांनी राजीनामा दिला. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले, पण तो निराळा विषय.

जे लिहायचं राहिलं

घटनेत "विधिमंडळाने निवडावं" एवढंच लिहिलं होतं. कसं, ते नाही. आता विधिमंडळालाही दोन सभागृहं असतात. दोघांनी वेगवेगळं मतदान करायचं की एकत्र बसून? दोघांची मतं जुळली नाहीत तर?

याचा फटका पहिल्याच वर्षी बसला. १७८९ च्या एप्रिलमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांचा शपथविधी झाला तो न्यूयॉर्क शहरात. आणि त्या सोहळ्याला न्यूयॉर्क राज्याचा एकही सिनेटर नव्हता! कारण तिथली दोन सभागृहं निवडीच्या पद्धतीवरूनच भांडत बसली होती. सिनेटर ठरायला जुलै उजाडला.

हे असं पाऊणशे वर्षं चाललं, प्रत्येक राज्याची आपली आपली तऱ्हा. शेवटी १८६६ मध्ये काँग्रेसने कायदा केला. आधी दोन्ही सभागृहांनी वेगवेगळं आणि उघड मतदान करायचं. दोन्हीकडे एकाच माणसाला बहुमत मिळालं तर प्रश्न मिटला. नाही मिळालं, तर दुसऱ्या दिवसापासून संयुक्त बैठक. आणि निवड होईपर्यंत किंवा अधिवेशन संपेपर्यंत रोज किमान एक फेरी झालीच पाहिजे.

कायदा वाचताना शहाणपणाचा वाटतो. पण त्यातूनच पुढचा घोळ वाढला. कसा, ते आकड्यांत सांगते. समजा शंभर आमदार आहेत आणि जिंकायला ५१ मतं हवीत. एका पक्षाचे ४५, दुसऱ्याचे ४०, आणि पहिल्याच पक्षातून फुटलेले १५. हे पंधरा जण ठरवून बसले, की आमचा माणूस नाही तर कुणीच नाही, तर काय होणार? आज फेरी, उद्या फेरी, परवा फेरी. निकाल तोच. कुणी हलत नाही, कारण जो आधी हलेल तो हरणार. जितके दिवस जास्त तितका त्या पंधरा जणांचा भाव जास्त. भाव हा शब्द मी मुद्दामच वापरला आहे.

घड्याळावर शाईच्या बाटल्या

१८९० नंतरच्या पंधराएक वर्षांत असे चाळीसहून जास्त तिढे वीस राज्यांत झाले.

डेलावेअर हे चिमुकलं राज्य. १८९५ मध्ये तिथे ११४ दिवसांत मतदानाच्या २१७ फेऱ्या झाल्या, आणि तरी सिनेटर ठरला नाही. जे. एडवर्ड अ‍ॅडिक्स नावाचे एक गॅस कंपनीवाले धनाढ्य गृहस्थ सिनेटर व्हायचंच असं ठरवून पैसा ओतत होते. ते स्वतः कधी निवडून आले नाहीत, पण त्यांच्या गटाने दुसऱ्या कुणालाही येऊ दिलं नाही. १९०१ ते १९०३ अशी दोन वर्षं तर डेलावेअरच्या दोन्ही जागा रिकाम्या होत्या. ज्या पद्धतीने राज्याचा आवाज केंद्रात पोचायचा, तिनेच राज्याला मुकं केलं होतं.

ओरेगॉनमध्ये १८९७ साली याच्याही पुढची पायरी गाठली गेली. सिनेटरच्या निवडीवरून अशी जुंपली की खालचं सभागृह रीतसर स्थापनच होऊ शकलं नाही. निवड होऊ नये म्हणून सभागृहच चालू द्यायचं नाही, असा डाव. ते पूर्ण अधिवेशन एकही कायदा न करता संपलं. रस्ते, शाळा, कर, सगळं वाऱ्यावर.

आणि मिसूरी, १९०५. अधिवेशनाचा शेवटचा दिवस, सिनेटर ठरलेला नाही, ठरलेली वेळ जवळ येतेय. तेव्हा काही आमदारांना सुचलं, की भिंतीवरचं घड्याळच थांबवू! शिडी आणली. दुसऱ्या बाजूचे आमदार शिडीला आडवे गेले. मारामारी झाली, पुस्तकं फेकली गेली, घड्याळाची काच फुटली. लंबक तरी हलतच होता. शेवटी एकाने शाईच्या बाटल्या फेकून लंबक मोडला. आपल्याकडे सभागृहात माइक उखडलेले आपण पाहिलेत, पण घड्याळावर हल्ला मी तरी ऐकला नव्हता.

पाकिटं

आता पैशाकडे येऊ. निवडणूक लाखो लोकांची असेल तर सगळ्यांना विकत घेणं अवघड असतं. ती ७०-८० आमदारांची असेल, आणि त्यातही चारदोन मतांवर अडली असेल, तर हिशेब फार सोपा होतो.

मोंटाना राज्यात विल्यम क्लार्क नावाचे तांब्याच्या खाणींचे मालक होते. १८९९ मध्ये ते सिनेटसाठी उभे होते. निवडीच्या ऐन वेळी एका आमदाराने विधिमंडळापुढे पाकिटं ठेवली. आत ३०,००० डॉलर. हे क्लार्क यांच्या बाजूने मतांसाठी दिले गेले, असं त्याने सांगितलं. तरीही क्लार्क निवडून आले! सिनेटच्या समितीने चौकशी करून त्यांच्या विरोधात अहवाल दिला. आता आपल्याला बाहेर काढणार हे दिसल्यावर क्लार्क यांनी मे १९०० मध्ये राजीनामा दिला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण गव्हर्नर क्लार्क यांचे विरोधक, आणि त्याच सुमारास ते राज्याबाहेर गेलेले. मग उपगव्हर्नरांनी त्या अनुपस्थितीत, रिकाम्या झालेल्या जागेवर कुणाला नेमलं असेल? क्लार्क यांनाच. गव्हर्नर धावत परत आले आणि त्यांनी ती नेमणूक फिरवली. पुढच्याच वर्षी, १९०१ मध्ये, क्लार्क पुन्हा निवडून आले आणि पूर्ण मुदत सिनेटर राहिले. आजचं लास वेगास ज्या क्लार्क काउंटीत आहे, ती त्यांच्याच नावाची.

दुसरं प्रकरण इलिनॉयचं. १९०९ मध्ये तिथे काही महिने तिढा होता. मग अचानक दोन्ही पक्षांची मतं एकत्र आली आणि विल्यम लॉरिमर निवडून आले. वर्षभराने 'शिकागो ट्रिब्यून'ने एका आमदाराचा कबुलीजबाब छापला. लॉरिमर यांना मत द्यायचे आपल्याला १,००० डॉलर मिळाले, असं त्यात होतं. सिनेटने पहिल्या वेळी लॉरिमर यांना वाचवलं. गदारोळ थांबेना, तेव्हा जुलै १९१२ मध्ये ५५ विरुद्ध २८ मतांनी त्यांची निवड रद्द ठरवली.

इथे एक सावधगिरी. प्रत्येक सिनेटर पैसे देऊन आला असं समजू नका. बहुतेक निवडी शांतपणे व्हायच्या. पण संशय एकदा बसला की तो सगळ्यांवर बसतो. रेल्वे, साखर, तेल यांच्या कंपन्यांचे हितसंबंध सांभाळणारे बरेच जण सिनेटमध्ये होते, त्यामुळे सिनेटला 'लक्षाधीशांचा क्लब' म्हणायची रीतच पडली होती. १९०६ मध्ये डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स यांनी 'कॉस्मोपॉलिटन' मासिकात सिनेटवर घणाघाती लेखमाला लिहिली. आज ते मासिक कशासाठी ओळखलं जातं ते आठवून हसू येईल, पण तेव्हा ते राजकारणावरही लिहायचं.

नुकसान खालच्या निवडणुकीचं

पैसा आणि तिढे यांच्याबद्दल सगळे बोलतात. मला तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती पटकन दिसत नाही.

१८५८ मध्ये इलिनॉयमध्ये अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस यांच्यात सात जाहीर वादसभा झाल्या. गुलामगिरीच्या प्रश्नावर. माणसं तासन्‌तास उभी राहून ऐकायची. पण त्यांपैकी एकालाही लिंकन किंवा डग्लस यांना मत देता येणार नव्हतं! मतपत्रिकेवर होते त्या त्या मतदारसंघातले आमदारकीचे उमेदवार. लिंकन हवे असतील तर आपल्या भागातल्या रिपब्लिकन उमेदवाराला मत द्यायचं, डग्लस हवे असतील तर डेमोक्रॅटला. एकूण मतं बघितली तर लिंकन यांच्या बाजूला थोडी जास्त पडली. पण मतदारसंघांची रचना आणि आधीपासून बसलेले सदस्य यांमुळे विधिमंडळात डग्लस यांचे ५४ झाले, लिंकन यांचे ४६. डग्लस सिनेटर झाले.

आता त्या मतदाराच्या जागी स्वतःला ठेवा. तुमच्या गावचा आमदार पूल बांधत नाही, शाळेकडे बघत नाही. पण तो सिनेटसाठी तुमच्या आवडत्या माणसाला मत देणार आहे. मग काय कराल? नाक मुठीत धरून त्यालाच मत द्याल. एका मतात दोन प्रश्न कोंबले की त्यांतला एक चिरडला जातो, आणि चिरडला जायचा तो गावचा प्रश्न. ही पद्धत राज्यांच्या भल्यासाठी म्हणून आणली होती आणि तिने राज्याचं राजकारणच गिळून टाकलं.

ओरेगॉनची युक्ती

तक्रारी वाढल्या तशा सुधारणेच्या मागण्याही वाढल्या. प्रतिनिधीगृहाने १८९३ पासून दहा वर्षांत पाच वेळा थेट निवडणुकीचा प्रस्ताव मंजूर केला. सिनेट तो दर वेळी दाबून ठेवायची. दारच बंद, तर करायचं काय?

उत्तर सापडलं ओरेगॉनमध्ये. तेच, अधिवेशन वाया गेलेलं राज्य. तिथे विल्यम यूरेन नावाचे एक कार्यकर्ते होते. आधी लोहारकाम केलेले, मग वकील झालेले. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून १९०४ मध्ये लोकांनी थेट मतदानाने एक कायदा मंजूर केला. कायद्यातली मेख फार छान आहे, नीट ऐका.

घटना म्हणते, सिनेटर आमदारच निवडणार. बरं, त्याला हात लावायचा नाही. पण लोकांनी आधी आपला कौल द्यायचा, सिनेटर म्हणून आम्हाला अमुक हवा. आणि आमदारकीला उभं राहणाऱ्या प्रत्येकाला दोन निवेदनांपैकी एकावर सही करता येईल. निवेदन क्रमांक एक असं, की लोकांचा कौल ज्याला असेल त्यालाच मी मत देईन, मग तो माझ्या पक्षाचा असो वा नसो. निवेदन क्रमांक दोन असं, की लोकांचा कौल मी निव्वळ शिफारस समजेन आणि वाटल्यास बाजूला ठेवीन.

आता सांगा, "तुमचं मत मी कचऱ्यात टाकू शकतो" या कागदावर सही करून मतं मागायला कोण जाणार? सक्ती कुणावरच नव्हती. सही न करण्याचीही मुभा होती. पण लोक विचारायला लागले, सही केलीस का रे?

खरी परीक्षा १९०९ मध्ये झाली. विधिमंडळात रिपब्लिकन पक्षाचं मोठं बहुमत. आणि लोकांचा कौल पडला होता जॉर्ज चेंबरलेन यांना, जे डेमोक्रॅट! पुरेशा रिपब्लिकन आमदारांनी निवेदन क्रमांक एकवर सह्या केलेल्या होत्या. त्यांनी दात-ओठ खाल्ले असतील, पण शब्द पाळला. आपल्या बहुमताने विरोधी पक्षाचा माणूस वॉशिंग्टनला पाठवला.

घटनेतला एक शब्दही न बदलता नियम आतून पोकळ झाला होता. बाकीची राज्यं बघतच होती. कुणी ओरेगॉनची नक्कल केली, कुणी पक्षाचा उमेदवार मतदारांकडून ठरवून घेण्याची पद्धत आणली, जिला प्रायमरी म्हणतात. १९१२ पर्यंत २९ राज्यांत सिनेटरची निवड या ना त्या रूपात लोकांच्या कौलाने होऊ लागली होती.

आणि इथेच आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. सिनेटने आपल्या खुर्चीचा पाय का कापला? कारण बऱ्याच सिनेटरांची खुर्ची आता त्या पायावर उभीच नव्हती. जे लोकांच्या कौलावर आले, त्यांना थेट निवडणुकीची भीती कसली? शिवाय पाठीमागून दुसरा धाक होताच. घटनेत आणखी एक मार्ग आहे. दोन तृतीयांश राज्यांनी मागणी केली तर नवी घटना परिषद बोलवावी लागते. राज्यांच्या मागण्यांचा आकडा त्या दिशेने सरकत होता. परिषद भरली तर ती आणखी काय काय बदलेल याचा नेम नाही. त्यापेक्षा आपणच दुरुस्ती केलेली बरी, असा विचार सिनेटमध्ये बळावला.

'लोक' म्हणजे नक्की कोण?

आता गोष्टीचा तो भाग, जो बरेचदा गाळला जातो.

१९११ मध्ये प्रस्ताव आला तेव्हा प्रतिनिधीगृहाने त्याला एक शेपूट जोडलं होतं. सिनेटच्या निवडणुकांच्या नियमांवर देखरेख करायचा केंद्राचा अधिकार काढून घ्यायचा, सगळं राज्यांवर सोडायचं. दक्षिणेकडच्या राज्यांना हे हवं होतं. का? कारण तिथे कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवायची पूर्ण यंत्रणा उभी होती. मतदान कर, साक्षरतेच्या परीक्षा, फक्त गोऱ्यांसाठीच्या प्रायमरी. सिनेटर लोकांनी निवडायचे, पण लोक कोण ते आम्ही ठरवू, असा तो आग्रह.

कॅन्ससचे जोसेफ ब्रिस्टो यांनी हे शेपूट कापायची सूचना सिनेटमध्ये मांडली. ते स्वतः प्रायमरी जिंकून आलेले सिनेटर. मतं पडली ४४ विरुद्ध ४४. उपराष्ट्राध्यक्ष जेम्स शर्मन यांच्या निर्णायक मताने सूचना मंजूर झाली, आणि मग मूळ दुरुस्ती ६४ विरुद्ध २४ अशी. प्रतिनिधीगृह जवळपास वर्षभर अडून बसलं आणि शेवटी मे १९१२ मध्ये त्यानेही मान्यता दिली.

राज्यांनी मात्र वेळ लावला नाही. तेव्हा ४८ राज्यं होती, ३६ हवी होती. मॅसॅच्युसेट्सने २२ मे १९१२ ला सुरुवात केली, कनेक्टिकटने ८ एप्रिल १९१३ ला छत्तिसावा आकडा गाठून दिला. अकरा महिनेही लागले नाहीत. ३१ मे १९१३ ला ज्यांनी अधिकृत घोषणा केली ते परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन. वीस वर्षांपूर्वी तरुण खासदार असताना हीच मागणी ते हिरिरीने मांडत होते.

केंद्राचा अधिकार कागदावर शाबूत राहिला, पण तो वापरायला पुढची पन्नास वर्षं कुणी फारसं धजावलं नाही. दक्षिणेतले कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येने केंद्रांवर पोचले ते १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानंतर. अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर हायरम रेव्हल्स १८७० मध्ये आले, तेही मिसिसिपीतून, आणि त्यांना आमदारांनी निवडलं होतं. यादवी युद्धानंतरच्या थोड्या वर्षांत तिथल्या विधिमंडळात कृष्णवर्णीय आमदार होते म्हणून ते घडलं. थेट लोकांच्या मतांनी पहिला कृष्णवर्णीय सिनेटर यायला १९६६ साल उजाडलं, मॅसॅच्युसेट्सचे एडवर्ड ब्रुक. म्हणून "थेट निवडणूक आली आणि लोकशाही आली" असं मी म्हणणार नाही. मतपेटीपर्यंत कोण पोचतं, हा प्रश्न मतपेटी कुठे ठेवली याच्याइतकाच मोठा आहे.

एक खिडकी उघडी राहिली

नव्या नियमात एक सोय आहे. मुदतीच्या मध्येच जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक घ्यायची, पण विधिमंडळाने परवानगी दिली असेल तर तोवर गव्हर्नर तात्पुरता सिनेटर नेमू शकतो. बहुतेक राज्यांनी ही परवानगी दिलेली आहे.

२००८ मध्ये बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि इलिनॉयची सिनेटची जागा रिकामी झाली. गव्हर्नर रॉड ब्लागोयेविच यांना डिसेंबरमध्ये अटक झाली. ती जागा विकायचा प्रयत्न केल्याचा आरोप होता. त्यांना १४ वर्षांची शिक्षा झाली, पुढे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ती कमी केली आणि मग माफीही दिली. पण बघा, लॉरिमर यांचंच राज्य, शंभर वर्षांनंतर. जिथे निवड थोड्या हातांत उरली, नेमका तिथेच भाव फुटला.

आणि आपली राज्यसभा?

तुम्ही म्हणाल, मग आपल्याकडे अजून आमदारच निवडतात त्याचं काय? आपल्या घटनाकारांनी सरसकट जुनी अमेरिकन पद्धत उचलली नाही. राज्यसभेला पसंतिक्रमाचं मतदान आहे. आमदार एक, दोन, तीन असे क्रम देतो, आणि ठरावीक कोट्याइतकी मतं मिळाली की उमेदवार निवडून येतो. मघाचे ते पंधरा जण आठवा. इथे त्यांना अडवून धरताच येत नाही, कारण मोजणी पुढच्या पसंतीकडे सरकत जाते आणि निकाल लागतोच. डेलावेअरसारखं रिकामं राहणं या पद्धतीत होत नाही.

पण थोड्या मतांवर सगळं अडलं की काय होतं, हे आपण जून २०२२ मध्ये महाराष्ट्रात पाहिलं. सहा जागा, सात उमेदवार, हॉटेलांत मुक्कामाला ठेवलेले आमदार, आक्षेपांमुळे रेंगाळून पहाटेपर्यंत गेलेली मोजणी. 'घोडेबाजार' हा शब्द त्या आठवड्यात किती वेळा छापला गेला असेल! यावर आपण २००३ मध्ये शोधलेला उपाय अमेरिकेच्या उलट्या दिशेचा आहे. आमदाराने मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवूनच पेटीत टाकायची. आमदार विकला जाऊ नये म्हणून अमेरिकेने निवड लोकांकडे नेली, आपण ती पक्षाकडे नेली. त्याच वेळी उमेदवार त्या राज्याचा रहिवासी असण्याची अटही काढली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बदल वैध ठरवले.

म्हणून राज्यसभेलाही उद्यापासून थेट निवडणूक लावा, असं माझं म्हणणं नाही. सिनेटकडे न्यायाधीशांच्या नेमणुका आणि परराष्ट्र करार मंजूर करायचे अधिकार आहेत, राज्यसभेचं बळ त्या मानाने कमी आहे. शिवाय अमेरिकेतही सगळे खूश नाहीत. जॉर्जियाचे सिनेटर झेल मिलर यांनी २००४ मध्ये सतरावी दुरुस्ती रद्दच करा असा प्रस्ताव मांडला होता. त्यांचं म्हणणं असं, की राज्य सरकारांचा केंद्रातला माणूस गेला आणि केंद्र शिरजोर झालं. या तक्रारीत तथ्य आहे, अ‍ॅडम्स यांच्यावर होता तसा वचक आता नाही. पण परत फिरायचं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारेन, की १८९७ चा ओरेगॉनचा मतदार काय म्हणाला असता? त्याला त्या वर्षी ना सिनेटर मिळाला ना विधिमंडळ.

मला या सगळ्यातून यूरेन यांचा कागद लक्षात राहतो. घटना बदलायची ताकद त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी उमेदवाराला मत मागायच्या आधी एका साध्या प्रश्नाचं उत्तर लेखी द्यायला लावलं, आमचा कौल पाळणार की नाही? नियम नंतर बदलला. आधी तो प्रश्न विचारायची सवय लागली.

तुमच्या मते राज्यसभेच्या निवडणुकीत असा एखादा लेखी प्रश्न विचारायचा झाला तर तो कोणता असावा? नक्की कळवा, पुढच्या भागात निवडक उत्तरं वाचून दाखवेन. तोपर्यंत, नमस्कार.